काकांची गिटार आणि विजेचा सूर

तारापूर म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना १७३९चा जानेवारी आठवतो: चिमाजीअप्पांची फौज आणि पोर्तुगीजांचा किल्ला. आजचा धागा त्याच मुलखातला असला तरी त्यात तोफा नाहीत. एक जुनी विजेवरची गिटार आहे, तिच्यातून सतत येणारी गुणगुण आहे, आणि ती गुणगुण बंद करावी की राहू द्यावी हा गेल्या पावसाळ्यात माझ्यापुढे पडलेला प्रश्न आहे. त्यात इतिहास कुठून शिरला, ते ओघाने येईल.

मी बेटेगावात राहते. बोईसरच्या पूर्वेचे हे गाव. भातखाचरांच्या कडेने आता इमारती उभ्या आहेत. गिटार माझ्या काकांची. ते तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीत काम करत आणि सुट्टीच्या संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. गणपतीचे दहा दिवस तर त्यांचे पाय घराला लागत नसत. १९८६ साली मुंबईत त्यांनी ही गिटार जुन्या बाजारभावाने घेतली, तेव्हाच तिच्या माथ्यावरचे कंपनीचे नाव खरवडून गेलेले होते. स्ट्रॅटोकास्टरच्या धाटणीची, तीन सिंगल कॉइल पिकअप असलेली. ती माझ्या हाती देताना त्यांनी एकच अट घातली: "अगं, काय हवे ते कर, पण लाकडाला पटाशी लावू नकोस."

मला करायचे होते ते एवढेच, की गुणगुण घालवायची. त्यावर काका जे बोलले ते आमच्या घरात सर्वांना पाठ आहे, आणि सर्वजण त्यावर हसतही आले आहेत. ते म्हणाले, "पूर्वी लाईट सुरात होती गं. संध्याकाळी पांढरी पाचमध्ये गायची. चौथी तार तिच्यावर मिळवली की झाले. आता मिळतच नाही. माझे कान गेले."

हे वाक्य बाजूला ठेवा, त्याकडे परत यायचे आहे.

आधी गुणगुण म्हणजे काय ते पाहू. पिकअप ही मूळची साधी गोष्ट आहे: चुंबक, आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात वीज उमटते. जॉर्ज बीचम यांच्या रचनेची पहिली गिटार रिकनबॅकरने १९३२च्या सुमारास बाजारात आणली; ती मांडीवर ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती आणि दिसायला तव्यासारखी. दोष जन्मापासूनचाच. वेटोळ्याला गिटारीची तार आणि घरातला ट्रान्सफॉर्मर यांतला फरक कळत नाही. पंखा, ट्यूबलाइटचा चोक, अॅम्प्लिफायरचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, ज्याचे ज्याचे क्षेत्र सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते ते सारे त्यात शिरते.

यावरचा उतारा गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांच्या नावावर आहे, आणि तो फार देखणा आहे. दोन वेटोळी शेजारी ठेवायची. दुसऱ्याचे वेढे उलटे आणि चुंबकाचे ध्रुवही उलटे. बाहेरून आलेली गुणगुण दोन्हींत सारखी शिरते, पण वेढे उलटे असल्यामुळे एकीतून दुसरी वजा होते. तारेचा आवाज मात्र दोनदा उलटतो, म्हणजे सुलटाच राहतो, आणि बेरीज होते. हमला टक्कर देणारा म्हणून त्याचे नाव हमबकर. लव्हर यांनी जून १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, ते जुलै १९५९ मध्ये मिळाले. मधल्या काळातल्या पिकअपवर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची चिकटपट्टी असे, आणि आज संग्राहक त्या चिकटपट्टीलाच सोन्याचा भाव देतात. गंमत अशी, की पुढे जी पेटंट क्रमांकाची पट्टी आली तिच्यावरचा क्रमांक पिकअपचा नव्हताच. तो गिटारीच्या तारा अडकवण्याच्या भागाच्या पेटंटचा होता. शिलालेखाचे वाचन करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. शिवाय 'पहिला कोण' हा वाद इथेही आहेच: चेट अॅटकिन्सच्या गिटारीसाठी रे बट्स यांनी त्याच सुमारास असाच पिकअप घडवला होता. त्यांचा अर्ज नंतरचा, पण पेटंट लव्हर यांच्या महिनाभर आधी मंजूर झाले. आणि विरुद्ध वेटोळ्यांनी गुणगुण मारण्याची मूळ कल्पना तर १९३०च्या दशकातलीच.

आता माझी निवड. पूर्ण आकाराचा हमबकर बसवायचा तर खाच रुंद करावी लागते, म्हणजे पटाशी आली. काकांची अट मोडते. ती नसती तरी मी कचरले असते. रुंद पिकअप तारेचा अधिक लांब भाग ऐकतो, त्यात वरच्या बारीक स्वरांशांतले काही एकमेकांना खातात; आवाज भरदार होतो, पण सिंगल कॉइलची काचेसारखी धार जाते. तिच्या २५० किलोओहमच्या पॉटच्या जागी ५०० किलोओहमचे बसवून उजळपणा थोडा परत मिळतो, तीच धार मात्र नाही.

उरले जुन्या खाचेतच बसणारे दोन प्रकार. एकात दोन अरुंद वेटोळी शेजारी आणि वर खिळ्यांऐवजी दोन पोलादी पात्या. यांना रेल म्हणतात. बारीक तारेचे भरपूर वेढे, म्हणून जोरकस. जड रॉक वाजवणाऱ्यांनी खुशाल घ्यावे. दुसऱ्यात वेटोळी एकावर एक रचलेली, म्हणून स्टॅक. वरचे तार ऐकते, खालचे मुख्यतः गुणगुण ऐकते आणि ती वजा करते. तारेला ते एकाच जागी ऐकत असल्याने स्वभाव सिंगल कॉइलच्या जवळचा राहतो. वरची हवा जराशी कमी होते, हे खरे. मी स्टॅककडे झुकले.

पैसे मोजण्याआधी एक गोष्ट मात्र केली, आणि तुम्हीही ती आधी करा. आमच्या गिटारीत दोन आवाज होते: एक खोल गुणगुण आणि एक चरचर. तारांना हात लावला की चरचर कमी होई. हे अर्थिंग आणि आवरण यांच्या दोषाचे लक्षण आहे. जगातला कोणताही हमबकर ते बरे करत नाही. बोर्ड उघडला तर तिसऱ्या भोकामागे तारच जोडलेली नव्हती. वायरमनकडून ती जोडून घेतली, गिटारीच्या पोटात तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली, आणि निम्मा त्रास गेला. चरचर कमी व्हावी म्हणून प्लगची तिसरी पिन कापणारे लोक मी पाहिले आहेत. हातात गिटार आणि ओठांशी माइक असताना तो मूर्खपणा जिवावर बेतू शकतो.

उरलेल्या गुणगुणीचा उगम शोधताना माझी फजितीही झाली. पश्चिम रेल्वेच्या वरच्या तारेत २५,००० व्होल्ट आहेत, तेव्हा गाडी गेली की गुणगुण वाढते अशी माझी पक्की समजूत झाली. आठ दिवस वेळापत्रक समोर ठेवून नोंदी केल्या. जुळत होते ते सोसायटीच्या पाण्याच्या पंपाशी.

याच नोंदींच्या नादात गुणगुण फोनवर ध्वनिमुद्रित करून तिचा आलेख काढला. शिखरे स्वच्छ होती: ५०, १५०, २५० हर्ट्झ. लहान स्पीकरमधून पन्नास फारसे ऐकू येत नाही. कानाला पकडते ते १५०. गिटारीची मोकळी चौथी तार १४६.८ हर्ट्झची, म्हणजे पांढरी दोन. दोन्ही एकत्र वाजली की सेकंदाला साधारण तीन हेलकावे येतात. मी चौथी तार छेडली, आणि आले. मिळत नाही, हे काकांचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

मग पूर्वी कशी मिळे? १४६.८ला तीनने भागले तर ४८.९ येतात. म्हणजे वीज एकोणपन्नास हर्ट्झच्या आसपास धावत असेल, तर तिचा मूळ स्वर बरोबर पांढरी पाच आणि वरचा स्वरांश तिचा पंचम, पांढरी दोन. तंबोऱ्यासारखी जोडी. पण आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची ना?

कागदावर, होय. १८९०च्या दशकात अमेरिकेत वेस्टिंगहाउसने साठ धरले, जर्मनीत एईजीने पन्नास. ब्रिटनमध्ये अनेक वारंवारता नांदत होत्या; १९२६च्या कायद्यानंतर उभ्या राहिलेल्या ग्रिडने तिथे पन्नास पक्के केले. आपल्याकडेही पन्नासच रुजले, आणि तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या अमेरिकन बनावटीच्या पहिल्या दोन अणुभट्ट्याही १९६९ साली पन्नासच्याच ग्रिडला जोडल्या गेल्या. मात्र ग्रिडची वारंवारता हा मागणी आणि पुरवठ्याचा तराजू आहे. मागणी जास्त झाली की सारी जनित्रे एकत्र मंदावतात, आकडा उतरतो. मागणी पडली की चढतो. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, गोवा यांच्या पश्चिम ग्रिडवर १९८० आणि १९९०च्या दशकांत विजेचा तुटवडा नित्याचा होता. संध्याकाळी घराघरांत दिवे लागले की वारंवारता एकोणपन्नासपर्यंत, कधी त्याखालीही घसरे. मागणी पडलेल्या वेळी ती पन्नासच्या वर जाई.

मी काकांना फोन केला. काही न सांगता विचारले, "काका, तुमची लाईट दिवसभर एकाच सुरात असायची का हो?"

"छे! रात्री आठच्या सुमारास सुरात. पहाटे पाळीवरून आलो की चढलेली असायची. पावसात तर जास्तच."

माझ्या अंगावर काटा आला. हा माणूस कानाने पश्चिम ग्रिडची नोंदवही ठेवत होता.

आणि त्यांच्या 'आता मिळत नाही'लाही तारीख आहे. १ जुलै २००२ रोजी देशात सर्वप्रथम पश्चिम विभागात उपलब्धतेवर आधारित दरपद्धती लागू झाली. ठरल्यापेक्षा जास्त वीज उचलणाऱ्या राज्याला वारंवारता जितकी खाली तितका चढा दर पडू लागला. खिशाला चटका बसताच आकडा सावरला. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाशी एका तालात आले. आज नियमांना अभिप्रेत पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ आहे. बेटेगावातली सिंगल कॉइल आणि कोहिमातली सिंगल कॉइल एकाच क्षणी एकाच सुरात गुणगुणतात, आणि तो सूर पांढरी पाचच्या थोडा वर आहे.

२००३च्या सुमारास काकांनी गिटार ठेवून दिली. ऑर्केस्ट्रांचे दिवस संपत आले होते, हे कारण होतेच. पण त्यांच्या मनात कारण कानाचे होते, आणि घरात कुणी ते खोडून काढले नाही. मीही नाही.

आता पिकअपचा प्रश्न वेगळा झाला. तिन्ही स्टॅक बसवले की गिटार पूर्ण शांत झाली असती. जुन्या वास्तूच्या डागडुजीवर आपण इथे किती भांडतो! चुन्याच्या भिंतीला सिमेंट फासणाऱ्यांना नावे ठेवणारी मी, आणि माझ्याच हातात सोल्डरिंग आयर्न.

शेवटी केले ते असे. घोडीजवळच्या जागी एकच नवा स्टॅक घेतला, कारण डिस्टॉर्शनवर वाजते ती जागा, आणि तिथे गुणगुणीचा गोंगाट होतो. मधला पिकअप विकत घेतलाच नाही. या स्वस्त पिकअपांत वेटोळ्याखाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली असते. ती हलकेच सोडवून उलटी बसवली आणि त्याच्या दोन तारांची अदलाबदल केली. सेथ लव्हर यांचीच युक्ती, दोन पिकअपांत वाटून. मानेकडचा आणि मधला एकत्र वाजले की गुणगुण विझते. घोडीकडचा स्वतःच शांत असल्यामुळे मधल्याच्या जोडीला तो हे करू शकत नाही, तिथे थोडी गुणगुण राहते. ती तडजोड मला मान्य आहे. मानेकडचा पिकअप होता तसाच राहू दिला. काढलेला जुना पिकअप तारीख घालून डबीत ठेवला आहे.

दिवाळीत काका आले. मी त्यांना फोनवरचा आलेख दाखवला, २००२ची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग गिटार मांडीवर घेतली, खटका मानेकडे सरकवला आणि गुणगुण ऐकत बसले. चौथी तार छेडली. तीन हेलकावे. किल्ली किंचित पिळली. दोन, एक, आणि थांबले. मग उरलेल्या पाचही तारा त्यांनी त्या चौथीशी मिळवल्या.

"आता कीबोर्डवाल्याशी जमायचे नाही," ते म्हणाले, आणि वाजवू लागले.