आठव्या चालीत वजीर गेला



गेल्या हिवाळ्यात आम्ही आणि आमचे हे, दोघं मिळून, आमच्या नऊ वर्षांच्या नातीकडून बुद्धिबळात हरलो. नातवंडाकडून हरायला लाज कसली? पण पैज लागली होती. दर रविवारी ती मूरटाउनला आमच्याकडे मराठी शिकायला येते. मुळाक्षरं संपली, बाराखडी झाली, जोडाक्षरांपाशी गाडी अडली आणि तिला कंटाळा आला. म्हणाली, "आजी, एक डाव खेळू. मी जिंकले तर चार रविवार मराठी नाही." आम्ही हो म्हणून बसलो. आमच्या मागे या घरात हे पत्रक वाचणारं कोणी उरेल की नाही, हा खरा प्रश्न, आणि तो आम्ही पटावर लावला!

आम्हांला बुद्धिबळ शिकवलं आजोबांनी, अलिबागला, मे महिन्याच्या सुट्टीत. तेही देशी पद्धतीचं. प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर सरकायचं. किल्लेकोट नव्हता; शह बसलेला नसेल तर राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारायची मुभा. डाव हळूहळू रंगायचा, मधे चहा व्हायचा. विलायती पद्धतीत प्यादं दोन घरं जातं, पटाचा मधला भाग लगेच तापतो, आणि ज्याची मोहरी घरात झोपलेली त्याची धडगत नाही. पंजाबचे मीर सुलतान खान असेच देशी खेळात वाढले होते. १९२९ साली इंग्लंडात आले आणि त्याच वर्षी ब्रिटनचे विजेते झाले, पुन्हा १९३२ आणि १९३३ ला. तरी डावाची सुरुवात ही त्यांची कच्ची बाजूच मानली जाते. पुढे ते सावरून घेत. आम्ही कुठले सुलतान खान!

बरं, नियम ठाऊक नव्हते असंही नाही. इमॅन्युएल लास्कर हे आपल्याच समाजाचे, जर्मनीतल्या एका हझानचे चिरंजीव, १८९४ पासून १९२१ पर्यंत जगज्जेते. त्यांनी १८९५ साली लंडनला व्याख्यानं दिली, त्यांचं छोटं पुस्तक आमच्या ह्यांच्या कपाटात आहे. सुरुवातीला तेच मोहरं दोनदा हलवू नका, उंटाआधी घोडे बाहेर काढा, असं त्यात साधं-सरळ सांगितलंय. मुलांनो, एवढं तरी पाठ करा.

आम्ही काय केलं? राजापुढचं प्यादं दोन घरं, आणि दुसऱ्याच चालीला वजीर बाहेर! चार चालींत मात द्यायची आणि गप्पकन जोडाक्षरं काढायची, असा बेत. तिने घोडा काढला. आम्ही उंट काढला. तिने प्यादं पुढे करून वजिराला हुसकलं, आम्ही तो मागे घेतला, पण मातीची हाव सोडली नाही. तिने दुसरा घोडा काढून तीही वाट बंद केली. मग आम्हांला काही सुचेना. ह्यांनी कडेचं प्यादं एक घर सरकवलं, अगदी अलिबागसारखं. तिचा घोडा वजिरावर आला, वजीर पळाला. तिने मधलं प्यादं दिलं, आम्ही आनंदाने खाल्लं. तिचा उंट वजिरावर आला. आता तिचं राजापुढचं प्यादं खाऊ म्हणून आम्ही वजीर राजासमोर आणून ठेवला, आणि घोड्याने उडी मारून शह दिला: राजा, वजीर, हत्ती तिघांवर एकदम. आठ चालींत चार वजिराच्या. आमचे दोन्ही घोडे जागेवरून हललेले नव्हते.

लीड्सच्या वॉर्डात तीस वर्षं काढली आम्ही. पाळी सुरू झाली की आधी रात्रीच्या नर्सकडून हकीकत ऐकायची, मग सगळ्या खाटांवरून एक फेरी, मग काम. एकाच पोरीला चार वेळा पळवायचं आणि बाकीच्या खोलीत बसून, असं कोणा सिस्टरने केलं तर आम्ही तिला बोलल्याशिवाय राहत नसू. घरच्या पटावर तेच आम्ही केलं, तेही दोघांनी सल्लामसलत करून! "तुम्ही म्हणालात", "तू म्हणालीस" हे बुधवारपर्यंत चाललं.

शब्द दिला होता, तो पाळला. दोन रविवार वही कपाटात राहिली. लेक म्हणाला, "आई, पैज कशाला लावलीस?" उत्तर नव्हतं. तिसऱ्या रविवारी पोर नवी वही घेऊन आली. तिला शाळेच्या क्लबसाठी तो डाव लिहून ठेवायचा होता. लिहिता लिहिता विचारलं, "आजी, इथे बिशप म्हणतात, तू उंट म्हणतेस. उंट कसा लिहायचा?" आम्ही उ काढून दिला, वर टिंब. मग घोडा, मग हत्ती. हत्तीपाशी जोडाक्षर आलं. तिने आमच्याकडे पाहिलं, आम्ही खिडकीबाहेर पाहिलं. पैज मोडली असं कोणी म्हणू नये, विचारलं तिनेच.

येत्या रविवारी परतीचा डाव आहे. ह्यांनी पहिली चाल घोड्याची ठरवली आहे. आमचं अजून ठरायचंय.