निरोप आणि शिक्कामोर्तब

मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने 'वेबहुक'वर लिहावे, हे आमच्या प्राध्यापकांना रुचेल की नाही कोण जाणे! पण मुरुडला काकांच्या पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत आणि त्यांचा हिशेब माझ्या गळ्यात आहे. तेव्हा इलाज नाही.

गेल्या दिवाळीत एका पाहुण्याने पैसे पाठवल्याचे चित्र मोबाइलवर दाखवले, दोन रात्री राहिला, सुरमई खाऊन तृप्त होऊन गेला. पैसे आलेच नव्हते. काकांना रकमेपेक्षा फसवणूक लागली. पुढच्याच आठवड्यात एक वृद्ध जोडपे पैसे भरूनही, बँकेत खात्री होईपर्यंत ओसरीवर सामानासकट ताटकळले. "आम्ही चोर दिसतो का हो?" आजोबांनी विचारले. काका खाली बघत राहिले.

मग मी वेबहुक बसवला. पैसे जमा होताच रेझरपेसारख्या कंपनीचा संगणक आपण दिलेल्या पत्त्यावर आपणहून निरोप धाडतो. आपण सारखे विचारायला जायचे नाही. २००७ साली जेफ लिंडसे याने या युक्तीचे बारसे केले. बसवणे सोपे, पण निरोप्या खरा कशावरून? पत्ता गुप्त ठेवला की झाले, असे काकांचे मत. जंजिऱ्याचा दरवाजा होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. म्हणून काय सिद्दीने पहारा ठेवला नव्हता?

शिवकाळात पत्राच्या शेवटी मोर्तब उठवीत, मागाहून कुणी ओळ घुसडू नये म्हणून. इथेही तेच. एक परवलीचा शब्द फक्त कंपनीला आणि आम्हाला ठाऊक. तो आणि निरोपाचा मजकूर एकत्र घोटून चौसष्ट अक्षरांची सही निघते; ती निरोपासोबत येते. आपणही तीच आकडेमोड करायची. जुळली तर निरोप खरा. रकमेतला एक आकडा बदलला तरी सही पार निराळी! मजकूर मात्र आला तसाच घ्यायचा. नीटनेटका करण्याच्या नादात एक मोकळी जागा हलली, तरी खरा निरोप खोटा ठरतो. (पाठचिकित्सेच्या तासाला आम्ही दुसरे काय शिकतो?)

आमचा संगणक घरातच. वीज गेली की पोच जात नाही, आणि तोच निरोप थांबून थांबून चोवीस तासांपर्यंत पुन्हा येत राहतो. कधी दोनदाही येतो. म्हणून प्रत्येकाचा क्रमांक टिपायचा, नाहीतर एकाच पैशाच्या दोन पावत्या.

परवा पावसात दुपारपासून वीज नव्हती. संध्याकाळी एक कुटुंब भिजत दारात आले. पैसे वाटेतच भरले म्हणाले. काकांनी खोली उघडून दिली. "निरोप येईल सावकाश. आधी चहा घ्या."

रात्री साडेदहाला संगणकाची घंटी वाजली, तेव्हा मंडळी जेवून झोपली होती.