बुडख्यावर आधी कोण पोहोचतं?

इंग्लंडच्या पूर्वेला, थेटफर्डच्या रेताड माळावर १९२२पासून पाइनची लागवड झाली. रोपं वाढली, दाटी झाली, विरळणी सुरू झाली. आणि विरळणी झालेल्या पट्ट्यांतच राखलेली झाडं मरू लागली. रानाच्या भल्यासाठी कुऱ्हाड चालवावी आणि त्याच घावातून मरण आत शिरावं, हे वाचताना मला फार लागलं होतं.

केंब्रिजच्या जॉन रिशबेथ यांनी या मरणाचा माग काढला. हेटरोबसिडियन या बुरशीचे बीजाणू वाऱ्यावरून ताज्या बुडख्यावर उतरतात. तिथे रुजून ती मुळांत जाते आणि जमिनीखाली मुळाला मूळ भिडलं, की शेजारच्या उभ्या झाडात शिरते. पण काही बुडखे तिच्या तावडीतून सुटलेले होते. त्यांच्यावर आधीच दुसरीची वस्ती झाली होती: फ्लेबिओप्सिस जायगॅन्टियाची.

ही बुरशी छत्री उभारत नाही. लाकडावर पातळ, करडा-पांढरा, मेणचट थर धरते. दुधाची साय भांड्याच्या काठाला वाळून सुटावी तशा तिच्या कडा सुक्या हवेत उचलतात. पाहणाऱ्याला तो नुसता डाग वाटेल. पण ज्या राळेपुढे बहुतेक बुरश्या हरतात, ती सोसून ही ताज्या लाकडात घुसते. हेटरोबसिडियनचा तंतू तिच्या तंतूला टेकला, की तिथल्या तिथे मरतो. आणि निरोगी उभ्या झाडाच्या वाटेला ती जात नाही. मला तिचं हे वागणं सगळ्यात मोलाचं वाटतं. कुजवणं हा तिचा धर्म, पण मेलेल्यालाच.

१९६३ मध्ये रिशबेथ यांनी तिचे बीजाणू मुद्दाम बुडख्यांवर लावण्याची रीत मांडली. त्याआधी बुडख्यांना क्रिओसोट फासत, बुरशी येऊच नये म्हणून. रिशबेथ यांनी वेगळं धरलं: बुडखा कुजणारच आहे, तर तो कोणी कुजवायचा एवढं आपण ठरवावं. रानाशी इतक्या समजुतीनं वागणारा उपाय मी दुसरा पाहिलेला नाही.

आज फिनलंड-स्वीडनमध्ये तोडणी करणारं यंत्रच कापता कापता बुडख्यावर हे बीजाणू फवारतं. पाण्यात निळा रंग मिसळतात, म्हणजे कुठला बुडखा भिजला, कुठला राहिला ते कळतं. त्या मुलखातल्या रानात असा निळा बुडखा दिसला, तर कोणी खोडसाळपणे रंगवला असं समजू नका. शेजारच्या झाडांसाठी ती जागा राखलेली आहे.