सजदा, रक्तदाब आणि सर्पगंधा

रमजानमध्ये आमच्या गोरेगावात (मुंबईतले नव्हे, गोंदिया जिल्ह्यातले) तरावीह पढताना अब्बांना सज्द्यातून उठले की अंधारी यायची. सगळे म्हणत, रोजाचा अशक्तपणा. अब्बांच्या औषधांचा डबा उघडला तेव्हा कारण जरा वेगळे निघाले.

आपण उभे राहतो तेव्हा रक्त पायांकडे ओढले जाते. ते मेंदूला मिळत राहावे म्हणून स्वायत्त मज्जासंस्था आपल्या नकळत कामाला लागते. मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटते, रक्तवाहिन्या आकसतात, नाडी वाढते. लघवीच्या त्रासावरची टॅमसुलोसिन ही गोळी या आकसण्यात थोडा अडथळा आणू शकते. अब्बा ती घेत होते. शिवाय रक्तदाबाची गोळी होती, दिवसभर पाणी नव्हते आणि बाजारातून आणलेले सर्पगंधाचे चूर्णही होते.

“झाडपाल्याचं आहे, त्याने काय होतं?” अब्बा म्हणाले.

पुष्कळ होते. हकीम अजमल खान यांच्या प्रेरणेने सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात याच मुळीवर संशोधन केले. १९३१ साली त्यातून वेगळ्या केलेल्या एका द्रव्याला त्यांनी हकीमसाहेबांच्या नावावरून ‘अजमलीन’ म्हटले. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबावरचा तिचा उपयोग मांडला आणि जगाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे झाले. ते मज्जातंतूंच्या टोकांतला नॉरअ‍ॅड्रेनलिनचा साठाच रिकामा करते. औषध थांबवल्यावरही परिणाम कित्येक दिवस टिकतो. नाक चोंदते, काहींना उदासी घेरते.

म्हणजे सर्पगंधा हे खरेखुरे औषध आहे, आणि म्हणूनच ते गुपचूप घेण्याची वस्तू नाही. पुडीतल्या चिमटीत द्रव्य किती, हे कुणीच सांगू शकत नाही.

आपल्यात हकिमाचे डॉक्टरांना सांगत नाहीत आणि डॉक्टरांचे हकिमाला. शरीर मात्र एकच असते. उलट टोकही तितकेच वाईट: रोजा आहे म्हणून गोळी मनानेच बंद करणे. क्लोनिडीन किंवा बीटा-ब्लॉकर अचानक सोडले तर दाब उसळी मारतो. रमजानपूर्वीच सगळा डबा डॉक्टरांपुढे ठेवावा, सहरी-इफ्तारच्या वेळा ठरवून घ्याव्यात. आणि उभे राहणे झेपत नसेल, तर बसून नमाज पढण्याची मुभा दीनने दिलेलीच आहे.