पेढीचा क्रमांक

सांगलीच्या गणपती पेठेतील त्या हळदीच्या पेढीचे नाव ज्यांना चटकन आठवत नसे, त्यांनाही तिचा टेलिफोन क्रमांक पाठ असे. बारदानावर, पट्टीच्या कागदावर, दिवाळीच्या कॅलेंडरवर तो छापलेला असे. ट्रंक कॉल नोंदवून इरोडचा भाव कळेपर्यंत दुपार उलटून जाई, त्या काळापासून तो चालत आला होता. एसटीडी आल्यावर त्याच्याआधी ०२३३ लागले, पुढे एक आकडा वाढला, पण ओळख तीच राहिली. काळ्या यंत्राच्या तबकडीला एक छोटे पितळी कुलूप असे आणि त्याची किल्ली अण्णांच्या कमरेला.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी पेठेत शिरले आणि कचेरी कित्येक दिवस बंद राहिली. हळद मात्र उंचावरच्या गोदामात कोरडी होती. दिल्लीचा एक जुना खरेदीदार त्या दिवसांत रोज फोन लावीत होता. पलीकडून कोणी उचलेना. माल वाहून गेला असे समजून त्याने दुसरीकडे सौदा केला. त्यात त्याची काही चूक नव्हती. पण चाळीस वर्षांचा व्यवहार केवळ फोन न उचलल्यामुळे तुटावा, ही गोष्ट अण्णांच्या मनाला फार लागली.

पुण्यात संगणकशास्त्र शिकलेल्या नातीने तेव्हा इंटरनेटवरच्या फोनचा विषय काढला. अण्णांनी पहिला प्रश्न विचारला तो कायद्याचा, आणि तो योग्यच होता. भारतात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली खरी, पण तेव्हा संगणकावरून परदेशातील फोन लावता येई, देशातल्या साध्या फोनला मात्र तो जोडण्यास बंदी होती. २०१८ साली दूरसंचार विभागाने परवान्यांच्या अटी बदलल्या आणि ही अडचण दूर झाली. “म्हणजे आता चोरीचा मामला नाही,” एवढे ऐकून अण्णा पुढचे समजून घ्यायला बसले.

नातीने ते त्यांच्याच भाषेत सांगितले. बोललेल्या आवाजाचे सेकंदाला साधारण पन्नास तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि अनुक्रमांक असतो, जसा पोत्यावर मार्का. ही पोती निरनिराळ्या रस्त्यांनी जातात आणि मुक्कामी क्रमाने लावली जातात. एखादे फार उशिरा पोचले तर ते टाकून द्यावे लागते, आणि तेवढ्यापुरता आवाज तुटतो. एका संभाषणाला दोन्ही बाजूंनी प्रत्येकी जेमतेम नव्वद किलोबिट पुरतात. त्यामुळे अडते ते वेगापाशी कमी, पोती वेळेवर पोचण्यापाशी जास्त. “हुंडेकरी चांगला पाहिजे,” अण्णा म्हणाले. याहून अचूक सांगणे अवघड आहे.

अडचण निघाली ती क्रमांकाची. मोबाइलचा क्रमांक कंपनी बदलली तरी सोबत नेता येतो, तारेच्या फोनला ती सोय नाही. नव्या व्यवस्थेचा क्रमांक नवाच असणार होता. मुलाचे म्हणणे, सगळ्यांना संदेश पाठवू, जुना बंद करू. अण्णा म्हणाले, “संदेश वाचणाऱ्यांची मला काळजी नाही. जो वाचत नाही, तो वर्षातून एकदा हळद घेऊन येतो. त्याने कुठे फोन करायचा?” शेवटी जुनी जोडणी ठेवून तिच्यावर येणारे सर्व फोन नव्या क्रमांकाकडे वळवायचे ठरले.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. फोन लावला की एक गोड बाईंचा आवाज मराठीसाठी १, हिंदीसाठी २, इंग्रजीसाठी ३ दाबायला सांगे. रायबाग-अथणीकडचे शेतकरी फोन ठेवून देऊ लागले. त्यांच्याशी कानडीत बोलणारे दिवाणजी तीस वर्षे त्याच टेबलाशी बसत होते आणि आता रिकाम्या हातांनी बसून होते. आपल्याला निवृत्त करण्याचा हा सभ्य मार्ग आहे, असे त्यांना वाटू लागले होते. ते तसे बोलले नाहीत, फक्त डबा लवकर उघडू लागले. नातीच्या ते ध्यानात आले. तिने तो आवाज काढून टाकला आणि क्रम लावला: आधी वीस सेकंद दिवाणजींकडे वाजेल, नंतर वडिलांच्या मोबाइलवर, त्यानंतर गोदामात. पुन्हा पूर आला आणि कचेरीला कुलूप लागले, तरी इचलकरंजीच्या पाहुण्यांकडे बसून दिवाणजी फोन घेऊ शकतील.

दोन गोष्टी व्यापाऱ्याने आधीच विचाराव्यात अशा आहेत. तारेच्या फोनला वीज एक्सचेंजमधून मिळे, म्हणून घरात अंधार असला तरी तो वाजे. राउटरला इन्व्हर्टर लागतो. आणि सोपा पासवर्ड ठेवला तर कोणी अनोळखी माणूस रात्रीतून त्या व्यवस्थेवरून परदेशी फोन लावून भलेमोठे बिल करू शकतो. पेढीने परदेशी फोन बंदच ठेवले. अण्णांनी पितळी कुलपाची आठवण काढली, तेव्हा नात हसली नाही.

खरा वाद झाला ध्वनिमुद्रणावरून. नव्या व्यवस्थेत प्रत्येक बोलणे साठवता येते. “आपला शब्द साठवून ठेवायची वेळ आली काय?” असे म्हणून अण्णांनी ते नाकारले होते. मुलाने, समोरच्याला आधी सांगण्याच्या अटीवर, त्यांचे मन वळवले. पुढच्याच हंगामात राजापुरी हळदीच्या एका सौद्यात दलालाशी भावाचा तंटा उभा राहिला. क्विंटलमागे दोनशे रुपयांचा फरक होता. दिवाणजींची नोंद एक सांगत होती, दलाल दुसरे. संगणकावर ते संभाषण लावले. सगळे ऐकत उभे होते. दलालाचे बरोबर निघाले. मागे हमाल ओरडत होते आणि दिवाणजींनी आकडा चुकीचा ऐकला होता. कोणी काही बोलण्याआधी अण्णांनी फरकाची रक्कम लिहायला सांगितली आणि दिवाणजींसाठी कानावर बसणारा चांगला हेडफोन मागवला.

आता मुलाची एकच तक्रार उरली आहे. जुन्या जोडणीचे भाडे दरमहा जाते. त्याने मध्यंतरी कोणत्या क्रमांकावर किती फोन येतात याचा तक्ता काढला आणि अण्णांसमोर ठेवला. जुन्या क्रमांकावरचे फोन खरोखरच थोडे होते. अण्णांनी चष्मा लावून ते एकेक वाचले. बहुतेक कर्नाटकातले, बहुतेक फेब्रुवारी ते मे या काळातले, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचा माल नंतर गोदामात उतरलेला. तक्ता त्यांनी चोपड्यात ठेवला. भाडे चालू आहे.