निरपराध बॅटरी

आमच्या थोरल्या बंधूंनीं घेतलेली १९६८ सालची फियाट मोटार त्यांच्या पश्चात् आमच्या पुण्याच्या घरीं उभी आहे. दर गुरुवारीं त्याच गाडींतून देवदर्शनास जावें, एवढीच वहिनींची हौस. गेल्या वर्षीं गाडीचे दिवे रात्रीं मंदावूं लागले आणि सकाळीं इंजिन सुरू होईना. घरांतील ज्येष्ठ या नात्यानें आम्हीं निदान केलें, "बॅटरी गेली!" नवी आणविली, महिन्याभरांत तीहि थकली. तीच वाईट ठरवून आम्हीं आणखी एक आणविली. तिचीहि तीच गत झाली. तेव्हां पुतणे म्हणाले, "काका, आतां गाडी भंगारांत द्यावी." वहिनी कांहींच बोलल्या नाहींत, आणि तेंच आम्हांस लागलें.

पुतण्याच्या कन्येनें पहिल्याच खेपेस विचारलें होतें, "आजोबा, बॅटरींत वीज पोंचते का, तें पाहूं या का?" मोठ्यांच्या बोलण्यांत बोलूं नये, म्हणून आम्हीं तिला गप्प बसविलें होतें. आतां आम्हीच तिला बोलावलें.

बॅटरी वीज केवळ सांठविते. ती उत्पन्न करितो डायनामो. इंजिनाच्या पट्ट्यानें तो फिरतो व त्याची वीज रेग्युलेटरमधून बॅटरीकडे जाते. आमच्या न्यायशास्त्रांत कारण ठरविण्यास अन्वय आणि व्यतिरेक पाहतात: एक असतां दुसरें असतें, तें नसतां दुसरेंहि नसतें. मुलीनें मीटर घेऊन तेंच केलें. इंजिन बंद असतां बॅटरीवर १२.१ व्होल्ट भरले. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर सुमारें १२.६ हवेत. इंजिन वेगानें चालविल्यावर आंकडा १४ च्या आसपास चढावयास हवा होता, तो जवळजवळ तेथेंच राहिला. पट्टा ताठ होता. डायनामोच्या टोंकाशीं मात्र १४ हून अधिक व्होल्ट मिळाले. म्हणजे वीज निघत होती, पण पोंचत नव्हती! रेग्युलेटरपासून बॅटरीकडे जाणाऱ्या तारेचा स्क्रू सैल झालेला व त्याखालीं हिरवट गंज चढलेला आढळला. वेगांतहि लाल दिवा किंचित् तांबूस तेवत असे, त्याचें कारण हेंच. तिकडे आम्हीं दुर्लक्ष केलें होतें.

बॅटरीची तार आधीं सोडवून तिनें तें टोंक काचकागदानें घासलें व स्क्रू आवळला. सर्व जोडून इंजिन चालवितां बॅटरीवर १४ व्होल्ट आले.

पस्तीस वर्षें आम्ही शाळेंत शिकविलें. उत्तर न देणाऱ्या कित्येक मुलांस आम्हीं 'मंद' म्हटलें. आमचें शिकविणें त्यांच्यापर्यंत पोंचतें कीं नाहीं, हें तपासलें नाहीं. त्यांची क्षमा आतां कोठें मागावी?

असो. पुढल्या गुरुवारीं वहिनी आपल्या नेहमींच्या जागीं, पुढें बसल्या. आम्ही त्या मुलीसह मागें बसलों, आणि वाटेनें तिनेंच बोलावें व आम्हीं ऐकावें, असें ठरलें.