पैनगंगेच्या अलीकडे

आदिलाबादच्या उत्तरेस पैनगंगा वाहते. दोन्ही तीरांवर कापूस तोच, ज्वारीची भाकरी तीच आणि कित्येक घरांतील मराठीही तीच. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा व किनवट आमच्या जिल्ह्यातून निघून मराठी मुलखात गेले. आम्ही अलीकडेच राहिलो. त्याचे दुःख आता कोणी करीत नाही. तेलुगूही आम्हांस परकी उरलेली नाही. परंतु मुले विद्यापीठाच्या वयाची झाली, की ही नदी एकाएकी रुंद भासू लागते.

आम्ही एका जिनिंगमध्ये हिशेबनीस. वर्षाची मिळकत तीन लाखांच्या आसपास. गेल्या वर्षी कन्येस हैदराबादेत अभियांत्रिकीची जागा मिळाली, ती आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटातून. तेलंगणाने 2021 मध्ये या गटास दहा टक्के जागा दिल्या. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. मग शुल्कपरताव्याची चौकशी केली, तो तेथील मर्यादा निराळी: आमच्यासारख्यांस खेड्यात दीड लाख, शहरात दोन लाख. दाखला तोच, प्रवेशाच्या खिडकीवर आम्ही दुर्बल, शुल्काच्या खिडकीवर सबळ!

नदीपलीकडे महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालणारी शुल्कसवलत आठ लाखांपर्यंतच्या कुटुंबांस निम्मे शिक्षणशुल्क देते. 2024 पासून तेथील दुर्बल गटातील मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क पूर्ण माफ झाले. गोव्यात शिक्षण विकास महामंडळ बिनव्याजी कर्ज देते, हे आमचे कोंकणी वाचक जाणतातच. आम्ही मात्र घरातील सोने बँकेत ठेविले. त्यावर व्याज चढते आहे. शुल्काखेरीज वसतिगृह, खाणावळ आणि तीनशे किलोमीटरांचा प्रवास आहेच. धाकटा पुढील वर्षी बारावीस बसेल. त्याच्या वेळी ठेवावयास सोने उरलेले नाही, हे तोही जाणतो. म्हणून हल्ली तो हैदराबादचे नाव काढीत नाही.

गरिबाच्या ताटातील घास आम्हांस नको. त्याचा हक्क पहिला. परंतु मदतीची एकच रेषा आखली, म्हणजे तिच्याखाली सारे आणि तिच्यावर शून्य, असा प्रकार होतो. रेषेऐवजी पायऱ्या का असू नयेत? दोन लाखांपर्यंत पूर्ण, चारपर्यंत तीन चतुर्थांश, आठपर्यंत निम्मे. वसतिगृहाचा खर्चही त्यातच धरावा. इतके झाले, तर धाकट्याला आपल्या मनातील गावाचे नाव मोठ्याने घेता येईल.